सोनोग्राफी नॉर्मल आली, मग आता सीटी कशाला?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. दीड महिन्यापूर्वी दोन दिवस त्यांच्या लघवीतून लालभडक रक्त गेलं. दुखलं अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी लघवी आपोआप स्वच्छ झाली. सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये किडन्या नॉर्मल, प्रोस्टेट किंचित मोठी, आणि 'मूत्राशय पुरेसं भरलेलं नाही, दिसतं तितपत नॉर्मल' असं लिहिलंय. तरी युरॉलॉजिस्ट सीटी युरोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी सांगतायत. बाबा म्हणतात, रक्त थांबलंय, रिपोर्ट चांगला आहे, आता उगाच उकरून काढू नका. भाऊ म्हणतो, सीटीच्या किरणांनीच कॅन्सर होतो आणि त्या इंजेक्शनने किडनी जाते. करायचंच तर एकदाच पेट स्कॅन करून टाकू, सगळ्या शरीराचा निकाल लागेल. बाबांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, क्रिएटिनिन १.३ आहे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते रोज एक पाकीट सिगारेट ओढत, तीस-बत्तीस वर्षं. नोकरी कापड रंगवण्याच्या कारखान्यात झाली. आई म्हणते, त्यांच्यासमोर कॅन्सर हा शब्दच काढायचा नाही. मी काय करू?"

ताई,

आधी सरळ उत्तर देते. युरॉलॉजिस्टनी सांगितलेल्या दोन्ही तपासण्या करून घ्या, आणि येत्या दोन-तीन आठवड्यांत करून घ्या. सीटी झाला म्हणून दुर्बीण (लघवीच्या मार्गाने आत घालून मूत्राशय आतून पाहायची तपासणी) टाळू नका, दुर्बीण झाली म्हणून सीटी टाळू नका. मी रेडिओलॉजिस्ट आहे. या यंत्रांतून निघणारी चित्रं वाचणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे त्या चित्रांत काय दिसत नाही तेही मला रोज भेटतं. तुमच्या घरातला सगळा गुंता 'नॉर्मल' या एका शब्दाभोवती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा रक्ताबद्दल, कारण बाबांचा सगळा भरवसा त्यावर आहे. मूत्राशयातली गाठ बहुतेक वेळा आतल्या अस्तरातून उगवते. पाण्यातल्या शेवाळासारखे तिला बारीक, मऊ तुरे असतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. एखादा तुरा तुटतो, रक्त येतं, गोठतं, थांबतं. मग कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लघवी अगदी स्वच्छ. गाठ मात्र जागच्या जागी असते. मुतखडा झालेल्याला कळ घरी बसू देत नाही, इन्फेक्शन झालेल्याला जळजळ बसू देत नाही. न दुखता गेलेलं रक्त माणसाला निवांत घरी बसू देतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटते. तेव्हा रक्त थांबलं यावरून आत काय आहे याबद्दल काहीच कळत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

लगेच घाबरूनही जाऊ नका. ज्यांना लघवीत डोळ्यांनी रक्त दिसतं अशा सगळ्यांची पूर्ण तपासणी केली, तर साधारण दहा ते वीस टक्क्यांमध्ये कॅन्सर सापडतो. म्हणजे दहातल्या आठ-नऊ जणांचं कारण वेगळं निघतं: खडा, इन्फेक्शन, वाढलेली प्रोस्टेट, आणि कधी कधी काहीच नाही. पारडं आजही बाबांच्या बाजूने झुकलेलं आहे. पण त्यांचं वय, त्यांची सिगारेट आणि त्यांची नोकरी या तीन गोष्टी दुसऱ्या पारड्यात बसतात.

सिगारेटचा धूर फुप्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातली घातक रसायनं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि लघवीत उतरून मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये धूम्रपान हे कारण असतं. सोडल्यावर धोका कमी होतो, पण कधीच न ओढलेल्या माणसाइतका व्हायला फार काळ जावा लागतो. सहा वर्षांपूर्वी सोडली हे बाबांनी उत्तमच केलं. तेवढ्याने जुना हिशेब मिटत नाही इतकंच. रंगांचंही तसंच. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी जास्त आढळतात हे पहिल्यांदा मांडलं. त्याच साली त्याच देशात राँटगेनला क्षकिरण सापडले. रोगाचं एक मोठं कारण आणि रोग शोधायचं साधन एकाच वर्षी हाती यावं, याचं मला नेहमी नवल वाटतं. बाबा नेमकी कोणती रसायनं हाताळत होते ते त्यांना विचारून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा. नोकरीबद्दल विचारायचं पुष्कळदा राहून जातं.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये लघवीतल्या रक्ताबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जास्त जोखमीचा गट ठरवायचे निकष दिले आहेत. साठीपुढचं वय हा एक. तीसहून जास्त 'पॅक-वर्षं' धूम्रपान हा दुसरा. रोज एक पाकीट वर्षभर ओढलं की एक पॅक-वर्ष भरतं. डोळ्यांना दिसलेलं रक्त हा तिसरा. यांतला एक निकष लागू पडला तरी पुरे. बाबांना तिन्ही लागू पडतात. या गटासाठी त्या सूचनांमध्ये सीटी युरोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळं सांगितलेलं नाही.

आता ती सोनोग्राफी. ती वाईट तपासणी आहे असं मी म्हणणार नाही. किरणं नाहीत, सुई नाही, किडनीतली गाठ किंवा सूज ती छान दाखवते. पण ती ध्वनिलहरींवर चालते. या लहरी पाण्यातून सहज जातात आणि हवेपाशी अडतात. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी नळी, जिला आम्ही युरेटर म्हणतो, पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते, आणि तिचा बराचसा भाग आतड्यांच्या मागे दडलेला असतो. आतड्यात वायू असतोच. त्यामुळे सोनोग्राफीत या नळीचा वरचा आणि अगदी खालचा तुकडा दिसतो, मधला भाग बहुधा दिसत नाही. मूत्राशयाचं म्हणाल तर ते पाण्याने तट्ट भरलेलं असेल तरच आतली भिंत ताणली जाऊन नीट दिसते. अर्धवट भरलेलं मूत्राशय चुरगळलेल्या पिशवीसारखं असतं. घडीत लपलेली गाठ दिसत नाही, आणि कधी नुसती घडीच गाठीसारखी दिसते. भरलेल्या मूत्राशयातही काही मिलिमीटरची गाठ, पुढच्या भिंतीवरची गाठ किंवा पसरट चट्टा निसटू शकतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. एक गृहस्थ आले होते, साधारण बाबांच्याच वयाचे. लघवीत एकदा रक्त गेलं होतं. मूत्राशय अर्धंच भरलेलं होतं, बाहेर गर्दी होती, त्यांनाही घाई होती. मी पाहिलं तेवढं पाहून 'नॉर्मल' लिहिलं. सात महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा पुढच्या भिंतीवर तीन सेंटिमीटरची गाठ होती. त्यांनी माझा कागद जपून ठेवला होता, त्या कागदाच्या जोरावर ते सात महिने निर्धास्त होते. तो कागद त्यांनी मला कुठलाही राग न धरता दाखवला, आणि ते मला आजही विसरता येत नाही. तेव्हापासून अर्धवट भरलेल्या मूत्राशयावर मी 'नॉर्मल' लिहीत नाही. पाणी पाजून थांबवते, नाहीतर न दिसलेला भाग अहवालात लिहून टाकते. तुमच्या बाबांच्या रिपोर्टमध्ये 'पुरेसं भरलेलं नाही, दिसतं तितपत' असे शब्द ज्यांनी लिहिले, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय की मला पूर्ण दिसलेलं नाही. घरात सगळ्यांनी वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा वाचला.

सीटी युरोग्राफी म्हणजे काय, ते बाबांना आधी समजावून सांगा. अर्धी भीती तिथेच कमी होते. एकाच बैठकीत शरीराची चित्रं साधारणपणे तीन वेळा काढतात. पहिल्यांदा औषध न देता, त्यात खडे पांढरेशुभ्र उठून दिसतात. मग हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध देतात, आणि दीडेक मिनिटाने दुसरी चित्रं घेतात. त्या वेळी किडनीचा मांसल भाग औषधाने भरलेला असतो, किडनीतली गाठ त्यात वेगळी दिसते. त्यानंतर थांबायचं. आठ-दहा मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा, किडनीने ते औषध गाळून लघवीत उतरवलेलं असतं, आणि तिसऱ्या वेळी किडनीचे कप्पे, युरेटर, मूत्राशय असा सगळा मार्ग आतून पांढरा भरलेला दिसतो. त्या पांढऱ्या रेघेत कुठे खाच पडली असेल, कुठे रेघ अडली असेल, कुठे भिंत जाड झाली असेल, तर ते आम्ही शोधत असतो. तिसऱ्या चित्रांसाठी थांबवलं की 'काहीतरी सापडलं वाटतं' असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं, थांबणं हाच या तपासणीचा गाभा आहे. मोझेस स्विक आणि अलेक्झांडर फॉन लिख्टेनबर्ग यांनी १९२९ मध्ये जर्मनीत हीच युक्ती साध्या एक्स-रेसाठी वापरात आणली होती: शिरेतून औषध द्यायचं आणि किडनीलाच तिचा मार्ग रंगवू द्यायचा. यंत्रं बदलली, युक्ती तीच आहे. किडनीच्या आतल्या पोकळीतले आणि युरेटरमधले अस्तराचे कॅन्सर शोधण्यात ही तपासणी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरते. त्या भागासाठी याहून चांगलं चित्र सध्या तरी नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण चुका इथेच होतात. 'सीटी केयूबी' नावाची एक तपासणी असते. ती इंजेक्शनशिवाय, पाच मिनिटांत होते आणि मुतखड्यासाठी फार छान आहे. सुई नको म्हणून किंवा लवकर होते म्हणून कुणीतरी तीच करून येतं आणि 'सीटी नॉर्मल आला' म्हणून घरी जातं. औषधाशिवायच्या त्या चित्रांत अस्तरातली छोटी गाठ आणि भोवतालची लघवी जवळपास एकाच राखाडी रंगाची दिसते. वेळ घेताना चिठ्ठीवर 'सीटी युरोग्राफी' असंच लिहिलंय ना, हे स्वतः पाहा.

भावाची किरणांची भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. तिन्ही वेळच्या चित्रांचा मिळून डोस साधारण दहा ते वीस मिलिसीव्हर्ट होतो. माती, हवा, आकाश यांच्याकडून माणसाला काहीही न करता वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे एका तपासणीत चार ते आठ वर्षांचा नैसर्गिक डोस एकदम. पंचविशीतल्या मुलीला किरकोळ कारणासाठी कुणी ही तपासणी सांगितली तर मी स्वतः फोन करून 'दुसरं काही चालेल का' असं विचारते. पण किरणांमुळे कॅन्सर होण्याची जी छोटीशी शक्यता असते, ती पुढे कित्येक वर्षांनी, बहुधा दशकांनी प्रत्यक्षात येते. ६३ वर्षांच्या, तीस वर्षं सिगारेट ओढलेल्या आणि डोळ्यांदेखत रक्त गेलेल्या माणसापुढे आजचा धोका दहात एक-दोन आहे. त्यापुढे किरणांचा धोका फार लहान आहे. भावाला हे दोन धोके शेजारी ठेवून दाखवा, तो ऐकेल.

किडनीचंही तसंच आकड्यांत बोलू. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर काढायचा एक टाकाऊ पदार्थ, एकटं पाहायचं नसतं. त्यावरून वय आणि लिंग धरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात, किडनी किती गाळते त्याचा. बाबांचा तो साठच्या आसपास येतो. आयोडीनच्या औषधाने किडनीला इजा होण्याची खरी काळजी हा आकडा तीसच्या खाली असणाऱ्यांत, किंवा किडनी अचानक बिघडलेल्यांत असते. बाबा त्या गटात नाहीत. तरी क्रिएटिनिन अलीकडचं असावं, जुनं असेल तर पुन्हा करून घ्या. मेटफॉर्मिनने किडनी बिघडत नाही. किडनी बिघडली तर मेटफॉर्मिन शरीरात साठतं, म्हणून आकडा फार खाली असणाऱ्यांना इंजेक्शननंतर ४८ तास ती गोळी थांबवायला सांगतात. काही केंद्रं खबरदारी म्हणून सगळ्यांनाच थांबवायला लावतात. तुमच्या केंद्राचा जो नियम असेल तो विचारा आणि पाळा, स्वतःहून काही बंद करू नका. उपाशी यायला सांगितलं असेल तर मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि सकाळची पहिली वेळ मागा. पूर्वी कधी अशा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते आठवणीने सांगा. ती एक गोष्ट तपासणीचा सगळा बेत बदलू शकते.

इंजेक्शन देताना अंगातून एकदम गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि कपड्यांत लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, फक्त वाटतं. हे बाबांना तुम्ही आधी सांगा. कुणी सांगितलं नसेल तर वयस्क माणसं त्या क्षणी फार ओशाळतात, हलतात, आणि चित्र बिघडतं.

पेट स्कॅनबद्दल भावाचा जो समज आहे तो फार जणांचा असतो: मोठं यंत्र, म्हणजे मोठं उत्तर. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर देतात, आणि जिथे पेशी ती जास्त खातात तो भाग उजळतो. पण ही साखर शरीरातून बाहेर पडते ती लघवीवाटे. म्हणजे किडनी, युरेटर, मूत्राशय हे सगळे दिव्यासारखे पेटलेले दिसतात, आणि आपल्याला तर नेमक्या त्याच ठिकाणची छोटी ठिणगी शोधायची आहे. कॅन्सर सिद्ध झाल्यावर, तो खोल गेलेला असेल तर लसिकाग्रंथींत किंवा दूर कुठे पोहोचलाय का हे बघायला पेट स्कॅनचा उपयोग होतो. आज बाबांसाठी तो चुकीच्या जागी होईल.

एमआरआयचं वेगळं आहे. ज्यांना आयोडीनचं औषध चालत नाही, त्यांच्यासाठी एमआर युरोग्राफी हा पर्याय असतो. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे, मूत्राशयात गाठ आधीच सापडली असेल तर ती भिंतीच्या स्नायूत घुसली आहे का याचा अंदाज एमआरआय सगळ्यात चांगला देतो. त्यासाठी २०१८ पासून 'व्हाय-रॅड्स' नावाची एक ते पाच गुणांची पद्धत आहे. एक म्हणजे स्नायूत घुसण्याची शक्यता फार कमी, पाच म्हणजे फार जास्त. हा एमआरआय करायचा असेल तर गाठ खरवडून काढण्याआधी करावा, कारण नंतर तिथे जी सूज येते ती गाठीसारखीच दिसते आणि आमची फसगत होते. बाबांच्या बाबतीत ही वेळ आली तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: आधी एमआरआय करून घ्यायचा का?

मग इतकं सगळं दिसत असताना दुर्बीण कशाला? कारण एक प्रकारचा कॅन्सर असा आहे की तो कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. तो गाठ करतच नाही. अस्तरावर मखमलीच्या लालसर डागासारखा सपाट पसरतो, त्याला 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणतात. नावावरून तो सौम्य वाटतो, पण वागायला आक्रमक असतो. त्याला उंचीच नाही, त्यामुळे सोनोग्राफी, सीटी, एमआरआय तिघांच्याही हातून निसटतो. तो पाहायला आतून डोळा लागतो, आणि सोबत लघवीतल्या पेशींची तपासणी. सायटोलॉजी म्हणतात तिला. जहाल पेशी ओळखण्यात ती चांगली आहे, सौम्य गाठी मात्र तिला बहुधा सापडत नाहीत. म्हणून सायटोलॉजी एकटी नॉर्मल आली तरी त्यावर विसंबू नये. दुर्बिणीची बाबांना धास्ती वाटत असेल, बहुतेक पुरुषांना वाटते. तपासणीपुरती वापरतात ती दुर्बीण बारीक आणि वाकणारी असते. बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत होते. एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, थोडं गुलाबी पाणी जातं.

सीटीच्या रिपोर्टमध्ये काय शब्द येऊ शकतात तेही सांगते, कारण रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांकडे पोचायच्या आत घरचे तो दहा वेळा वाचतात. 'फिलिंग डिफेक्ट' म्हणजे पांढऱ्या औषधात पडलेली रिकामी जागा. ती गाठ असू शकते, रक्ताची गुठळी असू शकते, खडा असू शकतो. 'वॉल थिकनिंग', म्हणजे भिंत जाड दिसणं, हे वाढलेल्या प्रोस्टेटमुळेही होतं, कारण अडथळ्याविरुद्ध जोर लावून लावून मूत्राशयाचा स्नायू जाड होतो. सगळीकडे सारखी जाड असेल तर आम्ही कमी घाबरतो, एकाच जागी असेल तर जास्त. 'हायड्रोनेफ्रोसिस' म्हणजे लघवी तुंबून किडनी फुगणं. हा शब्द दिसला तर मात्र वेळ घालवू नका. आणि 'संशयास्पद' असा शब्द आला तरी तो निकाल नव्हे. अस्तराच्या कॅन्सरचं निदान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच पक्कं होतं. मूत्राशयातली गाठ लघवीच्या मार्गानेच, पोट न उघडता खरवडून काढतात. त्यात उपचाराचा पहिला भाग होतो आणि ती किती खोल आहे तेही कळतं. ती वरवर आहे की स्नायूत शिरली आहे, पुढचं सगळं यावर ठरतं, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांमधला हा फरक सीटीला करता येत नाही. मूत्राशयाचे सुमारे तीन चतुर्थांश कॅन्सर सापडतात तेव्हा स्नायूपर्यंत पोहोचलेले नसतात. अशा बहुतेकांचं मूत्राशय वाचवता येतं, फक्त पुन्हा होण्याची खोड असल्यामुळे वर्षानुवर्षं दुर्बीण करत राहावी लागते.

दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या तर? तर बाबांनी खुशाल निश्चिंत व्हावं. पुन्हा कधी रक्त दिसलं तर मात्र 'मागे सगळं नॉर्मल होतं' म्हणून घरी बसायचं नाही, पुन्हा दाखवायचं.

हे वाचणाऱ्या इतर बायांनाही एक सांगून ठेवते. बायकांच्या लघवीत रक्त आलं की इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं जातं, थांबतं, पुन्हा येतं, पुन्हा गोळ्या. असे महिने जातात आणि बायकांमध्ये हा कॅन्सर उशिरा सापडतो. इन्फेक्शन म्हणायचं असेल तर लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसायला हवेत. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणून रक्त आलं असेल, असं कुणी म्हणालं तरी तपासणी टाळू नका. त्या गोळीमुळे लपलेली गाठ लवकर रक्ताळून सापडल्याचं मी पाहिलेलं आहे.

आता आई. त्यांची भीती मला कळते, आणि त्यांना बाजूला सारून काही करू नका. पण बाबा ६३ वर्षांचे जाणते गृहस्थ आहेत. रक्त त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. 'उकरून काढू नका' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तो शब्द आधीच येऊन गेलेला असतो, असा माझा अनुभव आहे. तपासणी त्यांच्या अंगावर होणार, सुई त्यांना टोचणार, होकार त्यांचा लागणार. तुम्ही त्यांना साधं असं सांगू शकता: "बाबा, दहातल्या आठ-नऊ जणांना काही वाईट निघत नाही. पण निघालंच तर आत्ता सापडलेलं आणि सहा महिन्यांनी सापडलेलं यात फार फरक आहे. सोनोग्राफीत मूत्राशय पूर्ण दिसलेलंच नाही, तुम्ही रिपोर्ट वाचून बघा." आणि तो रिपोर्ट खरोखर त्यांच्या हातात द्या. त्यांना वाचू द्या. आईला त्या वेळी शेजारी बसवा. वेगवेगळं कुजबुजण्यापेक्षा दोघांनी एकत्र ऐकलेलं बरं.

जाताना जुनी सोनोग्राफी, चित्रांसकट, बरोबर न्या. चालू गोळ्यांची यादी, क्रिएटिनिनचा कागद, रक्त कधी किती दिवस गेलं त्या तारखा, आणि रंगाच्या कारखान्यातली वर्षं एका कागदावर लिहा. स्कॅन वाचणाऱ्याला ही माहिती मिळाली तर ते कुठे जास्त बारकाईने पाहायचं ते ठरवू शकतात. मला तर अशा कागदाचा फार उपयोग होतो.

आणि तपासणीची तारीख येईपर्यंत जर पुन्हा रक्त आलं, त्यात गुठळ्या पडू लागल्या, आणि लघवीची भावना होऊनही लघवी होईना, ओटीपोट फुगलं, तर तारखेची वाट पाहायची नाही. गुठळ्यांनी मार्ग बंद झालेला असतो. रात्र असली तरी त्याच वेळी त्यांना इस्पितळात घेऊन जा.